उन्हानं उकळणारी हवा

लटारी पिंपळशेंडेनं हवा ओतताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता, आणि त्यांतली एकतीस वर्षं त्यानं बॉयलरच्या धगीत काढली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिंचमाळचं औष्णिक वीजकेंद्र त्या वर्षी, २०४० साली, पावसाळा सरताच कायमचं बंद झालं. त्याच आवारात राखेच्या तळ्यापलीकडे तीन वर्षांपासून एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथं हवेचं पाणी करून वीज साठवणार आहेत, एवढंच लोकांना ठाऊक. कॉलनीत त्याला ‘थंड कारखाना’ म्हणत, आणि म्हणताना ओठ जरा वाकडे होत. एका रविवारी तो जुन्या कामगारांना पाहायला खुला ठेवला होता. चारशेपैकी अकरा जण आले. लटारी त्यांतला एक. तो कोणाला न सांगता आला होता.

तहसीन पठाण नावाची बल्लारपूरची तरुण अभियंता सगळं दाखवत होती. तिनं स्टीलच्या जाड थर्मासमधून काचेच्या भांड्यात काहीतरी ओतलं. फिकट निळसर, पाण्यापेक्षा पातळ. खाली जाळ नव्हता, तरी ते खदखदत होतं, आणि भांड्याच्या काठावरून पांढरी वाफ टेबलावर सांडत होती. लटारीनं सवयीनं चेहरा मागे घेतला. जे उकळतं ते भाजतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पण गालाला लागली ती थंडी.

“काका, काय असेल हे?” तहसीननं विचारलं.

“केमिकल हाय काही?”

“हवा आहे. आत्ता तुम्ही श्वासात घेतलीत तीच. उणे एकशे चौऱ्याण्णव अंशांवर हवेचं असं पाणी होतं. या खोलीचं तापमान तिच्या दृष्टीनं भट्टीसारखं आहे, म्हणून ती उकळते आहे.”

मग तिनं बॉयलरच्या पंपातली एक जुनी रबरी चकती त्यात बुडवली आणि टेबलावर आपटली. चकतीचे काचेसारखे तुकडे झाले. बाकीचे हसले, टाळ्या पिटल्या. लटारी मात्र भांड्याकडेच पाहत राहिला. जाळाशिवाय उकळणारी वस्तू. म्हणजे जाळाशिवाय वाफ. आणि वाफ म्हटली की तिच्यावर टर्बाइन फिरवता येतो. हा पुढचा विचार त्याच्या मनात तहसीननं सांगायच्या आधी आला, आणि तो भांड्यावर आणखी वाकला, तरुणपणी पहिल्यांदा बॉयलरच्या काचेतून ज्वाळा पाहायला वाकला होता तसा.

तो रविवारचा दिवस त्यानं बायकोलाही नीट सांगितला नाही.

अंकुश येरगुडेला तर नाहीच. अंकुश म्हणजे त्याचा तीस वर्षांपासूनचा कामातला जोडीदार. तीन नंबरच्या युनिटवर दोघांची पाळी कायम एकत्र. बंद पडलेलं युनिट थंड अवस्थेतून पुन्हा उभं करायचं असलं, की कोणताही साहेब आधी विचारी, “येरगुडे आहे का पाळीला?” कॉलनीत दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती, मधल्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या जात-येत.

थंड कारखान्यानं साठ जागा काढल्या. कामगारांचा पुढारी म्हणून अंकुशनं सभेत उभं राहून सांगितलं, “चारशे घ्या, नाही तर एकही नाही. नोकरीच्या कागदावर कोणीच सही करू नका.” सगळ्यांनी हात वर केले. लटारीनंही केला. चौथ्या दिवशी तो एकटा जाऊन सही करून आला.

त्या संध्याकाळी अंकुश दारात आला. आत आला नाही. “काहून केलंस बे?” एवढंच विचारलं.

“सिंधूच्या औषधपाण्याचं पाहा लागते नं,” लटारी म्हणाला. बायकोला दम्याचा त्रास होता, ते खरं होतं. पण सहीचं कारण ते नव्हतं, आणि आपण खोटं बोललो हे त्याला बोलतानाच कळलं होतं.

अंकुश वळून गेला. त्यानंतर सहा-सात महिने भिंतीवरून वाटी गेली नाही.

लटारी शिकत राहिला. वर्गात त्याच्या शेजारी डिप्लोमा केलेली पोरं बसत. पहिले काही आठवडे त्याला वाटे की आपण चुकून परक्या गावात उतरलो आहोत. मग हळूहळू त्याला उमगू लागलं की हे गाव आपल्याच गावाची उलटी बाजू आहे.

तहसीननं ते फळ्यावर फार सोपं करून मांडलं होतं. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप तापतो, कारण दाबलेली हवा गरम होते. ती उष्णता काढून घ्यायची, आणि मग दाबलेली हवा एकदम मोकळी सोडायची. सुटताना ती गार होते. त्या गार हवेनं पुढची हवा आणखी गार करायची, तीही मोकळी सोडायची, असं करत करत शेवटी हवेचे थेंब पडायला लागतात. सातशे लिटर हवा एका लिटरच्या भांड्यात मावते. तिच्यातली दमट वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधी गाळून काढावे लागतात, नाही तर त्यांचा बर्फ नळ्या तुंबवतो. अशाच थंडीवर रॉकेटं उडतात, दवाखान्यांतली मोठी चुंबकं चालतात. चिंचमाळला तिच्यात वीज साठवायची होती. दुपारी सौर शेतांची वीज खाऊन हवेचं पाणी करायचं, ते दुहेरी भिंतींच्या, मधे पोकळी असलेल्या टाक्यांत ठेवायचं, आणि संध्याकाळी पंपानं दाबून पंख लावलेल्या नळ्यांतून सोडायचं. बाहेरच्या उन्हानं ते उकळतं, फुगतं, टर्बाइन फिरवतं.

“म्हणजे कोळसा कोणता?” लटारीनं वर्गात विचारलं होतं.

“चंद्रपूरचं ऊन,” तहसीन म्हणाली. “इथल्या उन्हाइतका चांगला कोळसा कुठे मिळणार?”

सगळ्यांत जास्त त्याला खडीच्या बुरुजांचं अप्रूप होतं. हवा उकळताना जी थंडी बाहेर पडते ती वाया घालवायची नाही; तीन मजली उंच बुरुजांत भरलेल्या काळ्या दगडाच्या खडीत ती मुरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नवी हवा गार करायला परत वापरायची. जवळच्या खाणीतली साधी खडी. रस्त्यावर पडते तीच. ती उणे दीडशे अंशांवर रात्रभर थंडी धरून बसते. ज्यानं हे पहिल्यांदा योजलं, त्या माणसाला एकदा भेटावं, असं लटारीला फार वाटे.

आणि हे सगळं सांगावं असा एकच माणूस भिंतीपलीकडे होता.

२०४१ चा मे महिना आला. सलग नऊ दिवस पारा सत्तेचाळीसच्या खाली उतरला नव्हता. दहाव्या दिवशी दुपारी तो एकोणपन्नासला टेकला. तारा तापून सैल पडल्या होत्या, गावोगावी पंखे-कूलर फिरत होते, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी कुठेतरी दूर एक मोठी वाहिनी तुटली. तिचा भार दुसरीवर गेला, दुसरी पडली, मग तिसरी. अर्ध्या मिनिटात पूर्व विदर्भाची वीज गेली.

चिंचमाळचे कॉम्प्रेसर घरघर करत थांबले. नियंत्रण कक्षात तहसीन, लटारी आणि दोन तंत्रज्ञ होते. संगणकाच्या पडद्यांना छोट्या बॅटऱ्यांचा आधार होता. त्या दोन तास पुरणार होत्या.

“सौर शेतं?” एका तंत्रज्ञानं विचारलं.

“ती एकटी उभी राहू शकत नाहीत,” तहसीन म्हणाली. “आधी कोणीतरी फिरत्या यंत्रानं ताल धरावा लागतो, मग ती सामील होतात. तो ताल आपणच धरायचा. टाक्या भरलेल्या आहेत.”

टाक्या भरल्या होत्या, पण मोठा पंप चालवायला वीज हवी होती. त्यासाठी ठेवलेल्या मोठ्या बॅटऱ्यांनी उष्णतेमुळे स्वतःला बंद करून घेतलं होतं. डिझेलचं जनित्र बारा मिनिटं चाललं, तापलं आणि थांबलं. तहसीननं ते पुन्हा चालू करायचा दोनदा प्रयत्न केला. मग ती खुर्चीत बसली.

गावातल्या दवाखान्याचा निरोप वायरलेसवर आला. उष्माघाताचे एक्केचाळीस रुग्ण, सगळे कूलरखाली आणि बर्फाच्या पट्ट्यांत. तिथलं जनित्र फार तर दीड तास ओढेल. पाणीपुरवठ्याचे पंपही बंद होते.

लटारी खिडकीतून आवाराकडे पाहत होता. मोठ्या टाक्यांच्या पुढ्यात एक उभी छोटी टाकी होती, दाब सोसणारी, जाड कातडीची. यंत्रांच्या चाचणीसाठी तिच्याजवळ एक लहान टर्बाइनही बसवलेला होता.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “पंप कायले पाहिजे?”

“म्हणजे?”

“बॉयलरमधे वाफ आपला दाब आपणच बनवते नं. या छोट्या टाकीतलं थोडंसं पाणी खालून, आपल्या वजनानं, पंखाच्या नळीत सोडलं तर उन्हानं उकळेल. ती हवा नळीनं टाकीच्या डोक्यावर परत नेली, तर टाकीत दाब चढेल. बारा झाला की लहान टर्बाइन फिरेल. त्याच्यावर मोठा पंप चालते.”

तहसीन त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं झडपांचा नकाशा उघडला, बोटानं नळी धरत गेली. “होईल,” ती म्हणाली. “कागदावर तरी होईल. पण झडपा हातानं उघडाव्या लागतील, आणि अगदी हळू. एकदम सोडलं तर नळी आकसून फुटेल. मला इथून हलता येणार नाही. हे दोघं उपकेंद्रात जाऊन खटके तोडतील, नाहीतर आपली एवढीशी वीज अर्ध्या जिल्ह्यात पसरून मरेल. तुम्ही एकटे दोन झडपा कशा सांभाळाल?”

“एकट्याचं काम नाही.” लटारीनं खिडकीतून कॉलनीकडे पाहिलं. मग म्हणाला, “एक माणूस हाय. पाच मिनटं सायकलनं.”

“प्रशिक्षित आहे?”

“याच्यात नाही. पण बंद पडलेलं यंत्र उभं करण्यात त्याच्यावाणी हात चंद्रपूर जिल्ह्यात नाही.”

तहसीननं घड्याळाकडे पाहिलं. “आणा. जबाबदारी माझी.”

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सायकलची मूठ हाताला चटका देत होती. लटारीनं ती दुपट्ट्यानं धरली. अंकुशच्या दारावर ओली साडी टांगली होती. कुसुमनं, अंकुशच्या बायकोनं, ती बाजूला केली. तिच्या डोक्यावर ओला टॉवेल होता.

“या भाऊजी,” ती म्हणाली, जसा मधे एकही महिना गेला नव्हता.

अंकुश आत फरशीवर पालथा पडला होता. उठून बसला.

“लाइन पडली,” लटारी म्हणाला.

“ऐकू आलं. तुमचं यंत्र बसलं तेव्हाच कळलं.”

“उभं करा लागते. हातानं. मले एक माणूस पाहिजे.”

“साठ जण हायेत नं तुमच्यात.”

“पाळीला चौघं. दुसऱ्या पाळीचे गावोगाव पांगले, फोन बंद हायेत. दवाखान्यात एक्केचाळीस माणसं हायेत, अंकुश.”

अंकुशनं मान खाली घातली. “तुझ्या त्या थंडीतलं मले काय समजते?”

“मी सांगतो नं.”

“तू सांगते?” अंकुशचा आवाज चढला. “सहा महिने तुनं मले काय सांगितलं? सिंधूचं औषधपाणी! सिंधूवहिनीच्या औषधाला कधी कमी पडलं असतं, तर मी मेलो होतो का?”

कुसुम दारात थबकली. लटारीच्या मानेवरून घाम ओघळत होता. उभ्या उभ्याच तो म्हणाला, “खोटं बोललो मी. औषधासाठी नाही केली सही. मी ते पाहायला गेलो होतो रविवारी. त्या पोरीनं माझ्यापुढे हवा ओतली भांड्यात. जाळ नाही, काही नाही, अन् उकळून राहिली. मले राहवलंच नाही, अंकुश. चार दिवस झोप नाही आली. मले ते यंत्र आवडलं, म्हणून सही केली. तुले कसं सांगू? चारशे लोकांची रोजी गेली, अन् मी सांगू का मले आवडलं?”

मग कुसुमनं खुंटीवरचा सदरा काढून नवऱ्याच्या हातात दिला.

“जा,” ती म्हणाली. “डोक्याला बांधा काही.”

तहसीननं फाटकावरच्या वहीत अंकुशचं नाव स्वतः लिहिलं, त्याला जाड हातमोजे आणि तोंडावरचा पारदर्शक मुखवटा दिला. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

छोटी टाकी, तिच्या पायथ्याशी पंखांची नळी, आणि डोक्यावर परत जाणारी नळी. लटारीनं अंकुशला खालच्या झडपेपाशी उभं केलं आणि स्वतः वरच्या मचाणावर, दाबमापकाशेजारी चढला. समजावायला दोनच मिनिटं मिळाली.

“वाफेची लाइन कशी गरम करतो आपण? तशीच ही गार करायची. आट्याआट्यानं.”

“समजलं,” अंकुश म्हणाला आणि चाकाला हात घातला.

झडप पाव आटा उघडली. नळीत कुजबुज झाली, मग चुरचुर. उन्हात चकाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पंखांवर पांढरी रेघ उमटली आणि बघता बघता खालून वर चढू लागली. एकोणपन्नास अंशांच्या उन्हात हिम पडत होतं. अंकुश तोंड उघडं टाकून पाहत राहिला. दाबमापकाचा काटा थरथरला आणि एकवर गेला. दीडवर.

तेवढ्यात नळीत धप् असा आवाज झाला. पुन्हा एक. नळी हादरली.

वाफेच्या नळीत असा आवाज झाला की तिच्यात पाणी साठलं आहे असं समजायचं, आणि खालची निचऱ्याची तोटी उघडून ते काढून टाकायचं. अंकुशच्या हातांना हे तीस वर्षं पाठ होतं. विचार करायच्या आत त्याचा हात खालच्या तोटीवर गेला.

“नको!” वरून लटारी ओरडला. “अंकुश, हात काढ! हात काढ तिथून!”

अंकुश जागच्या जागी थिजला.

“इथं उलटं हाय! खाली सांडलं तर त्याच्यातला नायट्रोजन आधी उडते अन् मागे ऑक्सिजन राहते. खाली डांबर हाय, ग्रीस हाय. एक ठिणगी पडली तर आपण दोघंही गेलो. खालून नाही सोडायचं. आत हवा अडकली हाय, ती वरून सोडायची. मी सोडतो. तू तुझं चाक अर्ध्यावर आण.”

लटारीनं वरची तोटी उघडली. पांढरा फवारा आकाशात सुटला, नळी एकदा कण्हली आणि शांत झाली. काटा दोनवर स्थिर झाला.

अंकुशनं श्वास सोडला. “उलटं हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “पाणी खाली, हवा वर.” मग चाकावर हात ठेवून, डोळे मिटून उभा राहिला. हातमोज्यांतूनही त्याला नळीची थरथर कळत असावी, कारण पुढचा आटा त्यानं लटारीनं सांगायच्या क्षणभर आधी दिला. त्याच्या पुढचाही.

चार. साडेपाच. सात. तीन वाजून दहा मिनिटं. वायरलेसवर दवाखान्यातली परिचारिका विचारत होती, अजून किती वेळ. तहसीनचा आवाज शांत होता: “होतंय ताई. होतंय.”

नऊवर काटा रेंगाळू लागला. साडेनऊ. मग तिथंच थांबला. लटारीनं खाली पाहिलं. नळीचे पंख आता दिसतच नव्हते. त्यांच्यावर मनगटाएवढा जाड हिमाचा थर चढला होता. ऊन नळीपर्यंत पोचत नव्हतं.

“बर्फानं पांघरूण घातलं तिला,” तो म्हणाला. “ऊन लागून नाही राहिलं.”

“झडप जास्त उघडू?”

“नको. आणखीन गोठेल.”

अंकुशनं आजूबाजूला पाहिलं. कार्यालयाच्या गच्चीवर काळी पाण्याची टाकी होती, दिवसभर उन्हात तापलेली. मे महिन्यात चिंचमाळला दुपारी नळ उघडला की पाणी अंग भाजतं, आंघोळीलाही बादली भरून निववावी लागते.

“त्या टाकीले पाइप हाय का बे?” त्यानं विचारलं.

लटारीला एका क्षणात कळलं. “बागेचा हाय! पण पंप—”

“पंप कायले पाहिजे? टाकी वर हाय नं. ऊन पाणी आपोआप येते.”

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाइप ओढत आणला. अंकुशनं एका हातानं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं हिमावर कढत पाण्याची धार सोडली. हिम तडकलं. त्याचे पत्र्यांएवढे तुकडे धाडधाड खाली पडू लागले, सगळीकडे धुकं दाटलं, आणि त्या धुक्यातून लटारीचा आवाज आला, “दहा! साडेदहा! मार, आणखी मार! अकरा!”

बाराला लहान टर्बाइन फिरला.

त्याचा आवाज सुरुवातीला भुंग्याएवढाच होता. मग तो चढत गेला, बारीक आणि स्वच्छ, आणि नियंत्रण कक्षातून तहसीननं मोठा पंप जोडला. तीन वाजून बत्तीस मिनिटांनी मोठ्या टाकीतली हवा दोन मजली नळ्यांच्या रांगांत उकळायला लागली. थोड्या वेळानं मुख्य टर्बाइन उठला. लटारीला मचाणाच्या लोखंडातून तो पायांना जाणवला. दवाखान्याची वाहिनी पहिली, पाण्याच्या पंपांची दुसरी. मग पहिलं सौर शेत त्या तालाला येऊन मिळालं.

“पठाण मॅडम,” वायरलेसवर तीच परिचारिका होती, “कूलर चालू झाले.”

उकळत्या नळ्यांच्या रांगांवरून थंड धुकं खाली कोसळत होतं आणि आवाराच्या जमिनीवरून गुडघाभर उंचीनं वाहत होतं. दोघं म्हातारे त्यात पाय पसरून बसले. चार पावलांवर डांबर वितळत होतं, आणि इथं त्यांच्या अंगावर शहारे येत होते. अंकुशनं मुखवटा काढला. बराच वेळ तो धुक्यात हात घालून बोटं उघडत-मिटत राहिला.

“सही केली याचा राग नव्हता रे,” तो शेवटी म्हणाला.

“मंग?”

“पुढारी म्हणून राग येतेच, तो आठ दिवसांनी जाते. पण कोणीतरी म्हटलं का लटारी रविवारी पाहायला गेला होता. एकटाच.” तो लटारीकडे न पाहता बोलत होता. “तीस वर्षांत नवीन कोणतंही यंत्र आलं तर आपण दोघं मिळून पाहिलं. त्याचं झाकण कधी एकट्यानं उघडलं का मी? अन् हे एवढं मोठं… तू एकटाच पाहून आला.”

सहा महिने लटारीनं आपल्या अपराधाची जी मोजदाद केली होती, तिच्यात हे कुठेच नव्हतं. त्यानं अंकुशच्या गुडघ्यावर हात ठेवला. अंकुशनं तो झटकला नाही.

“घरी जायची घाई हाय का?” लटारीनं विचारलं.

“काहून?”

“उठ. खडीचे बुरूज दाखवतो.”

ते बुरुजांच्या पायथ्याशी होते, लटारी हातवारे करून सांगत होता, अंकुश प्रश्नामागून प्रश्न विचारत होता, आणि तिसऱ्या प्रश्नालाच लटारीनं “ते मॅडमले विचारा लागते” असं कबूल केलं होतं. तेवढ्यात तहसीननंच दोघांना हाक मारली.

साठ किलोमीटरवरचं एक कोळशाचं केंद्र अजून वापरात होतं, पण ग्रिडसोबत तेही निजलं होतं. त्याला उठायला बाहेरून वीज हवी होती: पंख्यांना, पंपांना, कोळसा दळायच्या गिरण्यांना. भार नियंत्रण केंद्रानं चिंचमाळला विचारलं होतं. आसपास दुसरं एकही केंद्र जिवंत नव्हतं.

“देऊ शकतो आपण,” तहसीन म्हणाली, “पण त्यांचे पंखे सुरू होताना एकदम झटका बसेल. तो झटका बॉयलरच्या बाजूनं मी कधी पाहिलेला नाही. कोणत्या क्रमानं काय सुरू होतं, केवढा ओढा येतो?”

लटारीनं अंकुशकडे पाहिलं. अंकुशनं हात सदऱ्याला पुसले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

पुढचा तासभर तो सांगत राहिला. आधी धूर ओढणारा पंखा, तो विजेचा मोठा खादाड. तो स्थिर होईस्तोवर दुसरं काही जोडू देऊ नका. मग हवा ढकलणारा. मग पाण्याचे पंप, एकेक करून. तो सांगे, “आता येईल पाहा झटका,” आणि पडद्यावरची रेघ तेव्हाच खाली वाके. तहसीन टर्बाइनला थोडी जास्त हवा देई आणि रेघ पुन्हा सरळ होई. लटारी टाक्यांवर नजर ठेवून होता. थंडी ओतली जात होती, साठ किलोमीटरवर जाळ पेटावा म्हणून. त्याला ते बोलून दाखवावंसं वाटलं, पण कामात कोणाला उसंत नव्हती.

सव्वापाचला फोन वाजला. तो अंकुशच्या हाताशी होता, त्यानंच उचलला. पलीकडे कोळशाच्या केंद्राचा पाळीप्रमुख होता. मागून बॉयलरचा घुमणारा आवाज ऐकू येत होता.

“ज्वाळा धरली!” तो ओरडत होता. “अर्ध्या तासात आम्ही जोडतो! काय सफाईनं दिली वीज तुम्ही लोकांनी, एकदाही डगमगली नाही! कोण बोलतंय?”

अंकुशनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तहसीनचं लक्ष पडद्यावर होतं. लटारीनं मात्र मान वळवली.

“अंकुश येरगुडे,” तो म्हणाला. “चिंचमाळच्या थंड कारखान्यातून बोलून राहिलो.”

त्यानं फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याकडे पाहतच विचारलं, “लटारी, टाकीत किती उरलं?”

“चार तासांचं हाय.”

“पुरते मंग,” अंकुश म्हणाला. “पुढचं सांगा, मॅडम.”